महाराज जातील तर माझ्याच नावेतून

"महाराज जातील तर माझ्याच नावेतून," असं माधवराव गुरुजींनी सप्ताह कमिटीच्या बैठकीत जाहीर केलं, तेव्हा रामलिंगच्या हातातली चहाची बशी ओठापाशीच थांबली. रामलिंग म्हणजे कमिटीचा अध्यक्ष, धरणाकाठचा शेतकरी आणि गुरुजींचा जुना विद्यार्थी. विद्यार्थी असल्यामुळे त्याला गुरुजींबद्दल आदर होता, आणि जुना असल्यामुळे शंकाही होत्या.

"पर गुरुजी, ती नाव मासे धरायची हाय न्हवं?"

"होती," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आता ती कीर्तनाची नाव आहे."

आमच्या कंधारकडच्या त्या धरणात एक टेकडी आहे, टेकडीवर महादेवाचं देऊळ आहे. पावसाळ्यानंतर धरण भरलं की टेकडीचं बेट होतं. सप्ताहाची सांगता तिथेच, काल्याच्या कीर्तनानं. कीर्तनाला मुदखेडचे भुजंग महाराज. महाराजांनी पहिला आलाप घेतला की बाळ रडायचं थांबतं आणि म्हातारी माणसं रडायला लागतात, असा तो गळा. दरवर्षी महाराज मच्छीमार सोसायटीच्या मोठ्या होडीतून जात. जाळ्यांच्या ढिगाशेजारी पोतं अंथरून बसत आणि मजेत जात. पण गुरुजींच्या मनाला ते बरं वाटत नव्हतं. असं ते सांगत.

खरी गोष्ट निराळी होती, आणि ती सांगताना मलाच मान खाली घालावीशी वाटते.

काल्यानंतर महाराज यंदा गुरुजींच्या गळ्यात तुळशीची माळ घालणार होते. गुरुजी मृदंग उत्तम वाजवत, एकादशी चुकवत नसत, कांद्याकडे चातुर्मासात बघतसुद्धा नसत. एकच खोट होती. निवृत्तीनंतर त्यांना गळ टाकून बसायचा नाद लागला होता. मासा खात नसत. धरायचा, त्याच्याकडे कौतुकानं बघायचं आणि परत सोडून द्यायचा. गेल्या वर्षी महाराजांनी विचारलं होतं, "गुरुजी, ते गळाचं सुटलं का?" आणि गुरुजी भर मांडवात म्हणाले होते, "सुटलं, महाराज." त्यानंतरच्या गुरुवारी ते पाण्यात गळ टाकून बसले होते.

हे खोटं त्यांना वर्षभर टोचत होतं. माणसानं अशा वेळी गळ सोडावा. गुरुजींनी नाव रंगवायला काढली, म्हणजे महाराजच तीत बसले की गळाचा विषय मिटला.

सगळं घरच्या घरी, मोबाईलवर बघून. गळाच्या काठ्या उभ्या करायच्या नळ्या होत्या, त्यांत उदबत्त्या आणि भगवी पताका. आमिषाच्या डब्यात बुक्का. बसायच्या फळीखाली गळांची पेटी होती, ती उचलून घराच्या माळ्यावर. मग आला वास. माशांचा वास नावेच्या फायबरमध्ये असा मुरला होता, की गुरुजींनी नाव शिकेकाईनं घासली, फिनाईलनं धुतली, कापूर जाळला, अत्तर शिंपडलं. शेवटी नावेला एखाद्या श्रीमंत मासळीबाजाराचा वास यायला लागला.

"अहो, करडीच्या तेलाचा डबा अर्धा कसा झाला?" प्रमोदिनीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"रंगात घातलं. रंग घट्ट झाला होता. तेलानं चकाकी येते."

"आणि वाळतो का?"

"वाळेल की."

"त्यापेक्षा महाराजांना एकदा खरं सांगून टाका. स्वस्तात पडेल."

गुरुजींनी ते ऐकू न आल्यासारखं केलं. बायकोचं खरं बोलणं ऐकू न येण्याचा त्यांचा सराव मृदंगाइतकाच पक्का होता.

सांगतेच्या दिवशी सकाळी एक नवीनच अडचण दिसली. नावेच्या मागच्या बाजूला तळाशी पाणी काढून टाकायचं भोक असतं, त्याला रबरी बूच असतं. धुताना काढलेलं ते बूच सापडेना. गुरुजींनी अंगण शोधलं, मोरी शोधली, तुळशीवृंदावनामागं बघितलं. घड्याळ पळत होतं. मग त्यांची नजर परातीकडे गेली. मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळून तयार होती. कणकेचा गोळा कातड्याला कसा चिकटतो, हे आयुष्यभर पाहिलेला माणूस. त्यांनी एक चांगला गोळा तोडला, भोकात ठासून बसवला, वरून केशरी रंगाचा हात मारला आणि स्वतःवरच खूश झाले. मृदंगाला जी चालते, ती नावेला का चालू नये?

बायका आणि टाळकरी सोसायटीच्या होडीतून पुढं गेले. प्रमोदिनीबाईही गेल्या, मृदंग मांडीवर घेऊन. या नावेत महाराज मधल्या केशरी फळीवर बसले, गुरुजींनी आणि रामलिंगनं एकेक वल्हं धरलं. उदबत्त्या लागल्या. पताका फडफडली.

"छान केलीत हो नाव," महाराज म्हणाले. "ही कशासाठी वापरता?"

"नामस्मरणासाठी," गुरुजी म्हणाले. "एकांतात."

रामलिंगला खोकला लागला.

अर्धं पाणी कापलं तोवर सगळं गोड चाललं होतं. मग नावेमागं पाणी खळबळायला लागलं. एक पाठ दिसली, मग दुसरी, मग चांगला थवाच. रोहू, कटला, लहानमोठे सगळे, नावेच्या मागं अगदी लगटून. महाराजांचे डोळे भरून आले.

"बघा, मुक्या जीवांनासुद्धा ओढ असते. कीर्तनाला निघाले हे."

"हाव महाराज," रामलिंग म्हणाला. "आपल्या गुरुजींच्या संगतीत लई भाविक झालेत मासे."

गुरुजी वल्हं जोरानं मारू लागले. त्यांना कळलं होतं. वर्षभर याच नावेतून, याच पाण्यात, ते कणकेच्या गोळ्या लावून बसत होते. ही नाव आली की जेवण येतं, एवढं त्या माशांना पाठ होतं. आणि आज गुरुजींनी जेवण नावेच्या तळालाच लावून आणलं होतं.

"गुरुजी, पायाला गार लागून राहिलंय," रामलिंग म्हणाला.

"हवा गार आहे."

"हवा न्हाई. घोट्यापर्यंत पाणी हाय." त्यानं वाकून मागं चाचपडलं आणि बोटं नाकाशी नेली. "गुरुजी, ही कणीक हाय."

तळातून पाण्याची पिचकारी आली. तिच्यामागून एक बारका मासाही आत आला आणि महाराजांच्या पायाशी फिरू लागला.

"आपण जरा उठून पुढं सरकू," महाराज म्हणाले आणि उठायला गेले. उठता येईना. करडीच्या तेलाचा रंग वाळला नव्हता. पांढरं शुभ्र धोतर फळीला असं चिकटलं होतं, की महाराज जरा उचलले की फळी उचले, आणि फळी उचलली की नाव डुले.

"महाराज, हलू नका," गुरुजी म्हणाले.

देवाची कृपा एवढी, की बेट जवळ आलं होतं. रामलिंगनं उडी मारली, पाणी छातीपर्यंत लागलं. गुरुजींनीही उडी मारली. दोघं दोन बाजूंनी नाव ओढू लागले. नाव काठापर्यंत पाण्यात, मध्ये महाराज ताठ बसलेले, भोवती उदबत्तीचा धूर आणि मागं माशांची दिंडी.

बेटावरच्या मंडळींना वाटलं, हा सगळा बेत ठरवलेलाच आहे. लोकांनी नामाचा गजर सुरू केला. बायकांनी फुलं उधळली. एक आजीबाई गहिवरून म्हणाल्या, "असा थाट बापजन्मी पाहिला न्हाई गं माय. गुरुजी किती नम्र, पाण्यातून चालत आणून राहिले महाराजांना."

प्रत्येक फूल गुरुजींना दगडासारखं लागत होतं. गर्दीत एकट्या प्रमोदिनीबाई हसत नव्हत्या, की फुलंही टाकत नव्हत्या. त्या फक्त बघत होत्या.

महाराजांना फळीसकट उतरवावं लागलं. खिळे उचकटले, महाराज उभे राहिले आणि त्यांच्यामागं फळीही उभी राहिली. दोघा टाळकऱ्यांनी ती दोन्ही बाजूंनी धरली आणि तशीच मिरवणूक देवळामागच्या खोलीत गेली. तिथं महाराजांनी पुजाऱ्याचं धोतर नेसलं. गुरुजी दाराबाहेर ओल्या कपड्यांत उभे होते. आतून महाराजांचा आवाज आला, अगदी प्रेमळ. म्हणूनच तो सोसवेना.

"गुरुजी, मासे नावेला ओळखत नव्हते हो. तुम्हाला ओळखत होते."

कीर्तन झालं. काय कीर्तन झालं, तुम्ही असायला हवे होतात. गुरुजींनी मृदंग वाजवला, पण मान एकदाही वर केली नाही. महाराजांनी एका माणसाचा दृष्टांत दिला. त्यानं आपलं खोटं लपवायला एक सुंदर वस्त्र विणलं आणि तेच अंगाला चिकटून बसलं. नाव कुणाचं घेतलं नाही. मांडवातल्या एकाही माणसानं गुरुजींकडे पाहिलं नाही. सगळे समोर बघत होते, इतके नेटानं, की त्यापेक्षा वळून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दहीहंडी फुटली, काला वाटला. मग माळ घ्यायला गुरुजी पुढं आले. महाराजांनी माळ हातात घेतली आणि हळूच विचारलं, "सुटलं का, गुरुजी?"

गेल्या वर्षीचं उत्तर जिभेच्या टोकावर तयार होतं. गुरुजींनी ते गिळलं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. साऱ्या मांडवासमोर.

"आज खरं बोललात," महाराज म्हणाले. "आता सोडा, मग या. मी वाट बघतो. पण हातात घेतलेली माळ परत ठेवू नये. बाई, तुम्ही या पुढं."

आणि ती माळ त्यांनी प्रमोदिनीबाईंच्या गळ्यात घातली. "घरात एकाच्या तरी गळ्यात असू द्या. पहारा राहील."

सगळे हसले. खरं सांगतो, त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून तर गुरुजींना ओल्या कपड्यांतही घाम फुटला.

दिवस कलताना सगळे सोसायटीच्या होडीत बसले. महाराजांनी जाळ्यांशेजारी पोतं अंथरलं, पाय पसरले आणि होडी हाकणाऱ्या तांडेलाला विचारलं, "का हो, आज काय लागलं जाळ्यात?"

"काय न्हाई बगा, महाराज. सकाळपासून सगळे मासे कुठं गेले, कायच कळंना."

माळेवरून बोट फिरवत प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कोणता मासा कुठं, किती खोल आणि कशाला लागतो, हे त्या होडीत गुरुजींइतकं कुणालाच माहीत नव्हतं. गुरुजी मृदंग पोटाशी धरून पाण्याकडे पाठ करून बसले होते. माशांवर कुणी बोलत असताना ते गप्प राहिले, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.