येथे गोरेपणा मिळणार नाही

लीलाताईंकडे काजळ घ्यायला गेलात, तर त्या आधी ते तुमच्यासमोर चाखून दाखवतात. डबी उघडायची, करंगळीने थोडं उचलायचं, जिभेवर ठेवायचं आणि आमटीत मीठ बरोबर आहे का पाहावं तसं डोळे मिटून पाहायचं. मग म्हणायचं, "हं. घ्या आता." उटणं, ओठांचा मलम, केसांचं तेल, टाचांच्या भेगांचा लेप, सगळ्यांची परीक्षा तीच. साबण तेवढा त्या गिळत नाहीत, पण जिभेचं टोक त्यालाही लावतात. जीभ झिणझिणली की साबण कच्चा. मग तो अजून पंधरा दिवस फळीवर.

"जे तोंडात घालता येत नाई, ते तोंडाले काहून लावावं, मास्तर?" हा त्यांचा मला नेहमीचा सवाल. मी शाळेत चित्रकला शिकवतो.

काजळ चाखल्यामुळे त्यांची जीभ कायम काळी असते. आमच्या गल्लीत एक बारसं होतं. लीलाताईंनी पाळण्यात वाकून तोंड भरून "लय मोठा हो रे बापा" म्हटलं, आणि बाळाच्या आजीने घाईघाईने बाळावर पदर टाकला. काळ्या जिभेच्या बाईचं बोलणं खरं होतं, अशी तिची समजूत. लीलाताईंना हे दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणाल्या, "मंग त बरंच हाय! मी मोठाच हो म्हनलं ना? मरू दे म्हातारीले, तिले काय होनार हाय." आणि मग, "मरू दे म्हनलं ते मोजू नका, मास्तर."

अमरावतीत आमची आणि त्यांची भिंत एकच. अकोल्याच्या एका कॉलेजात त्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. नळ्या धुवायच्या, बर्नर पेटवायचे, पोरांनी हात भाजून घेतले की पाण्याखाली धरायचे. यजमान एसटीत कंडक्टर. ते गेले त्याला आठ वर्षं झाली. मुलगी पुण्याला नोकरी करते. लीलाताई निवृत्त झाल्या, अमरावतीच्या घरी परतल्या आणि महिनाभरात मागच्या खोलीला टाइल्स लावून तिथे काटा, थर्मामीटर आणि लिटमसचे कागद मांडून बसल्या. परवान्यासाठी दोन वर्षं ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. तो कागद आता बैठकीत फ्रेम करून लावलाय, बुद्धाच्या तसबिरीच्या जरा खाली.

प्रत्येक नव्या मालाचा पहिला प्रयोग माझ्या कोपरावर होतो. त्याची वही आहे. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, असे रकाने आहेत. मी एकदा ती चोरून वाचली. "निरीक्षण : मास्तरांच्या कोपराला खाज. अनुमान : मास्तरांनी आंघोळ केली नव्हती."

पण लीलाताईंची खरी ओळख म्हणजे त्यांच्या फाटकावरची पाटी. ती मीच रंगवली आहे. 'लीला गृहउद्योग. उटणे, साबण, काजळ, तेल.' आणि खाली, त्यांनी सांगितल्याप्रमाणे लाल रंगात, 'येथे गोरेपणा मिळणार नाही.'

"ताई, गिऱ्हाईक परत जाईल," मी म्हणालो होतो.

"जाऊ द्या. त्याच्यासाठीच त लिवून राहिली."

तरी लोक येतातच. एखादी आई पोरीला पुढे ढकलून म्हणते, "हिच्यासाठी काही द्या, रंग थोडा उजळला पाहिजे." लीलाताई त्या आईलाच पाटावर बसवतात आणि सरबत देतात. मग विचारतात, "हिले ताप हाय काय?" "नाही." "खोकला?" "नाही हो." "मंग आजार कोनता हाय? काया रंग आजार हाय काय? मी तीस वर्षं नळ्या धुतल्या, काया रंगाची टेस्ट नाई पाह्यली." सरबत संपेपर्यंत त्या असंच चालू ठेवतात. जाताना बहुतेक जणी एखादा साबण घेऊन जातात, काही रागावून जातात. एक बाई तर सरबत अर्धं ठेवून गेली. लीलाताईंना राग त्या अर्ध्या सरबताचा आला.

उटण्याच्या डबीवरच्या चित्राचंही असंच झालं. मी आधी एक बाई काढली होती. सरळ नाक, मोठे डोळे, मानेला बाक. लीलाताईंनी चष्मा लावून पाहिलं. "हे कोनाची सून हाय?"

"कोणाची नाही. चित्र आहे."

"मंग मी इले ओयखत नाई. मले ओयखीची पायजे."

तिसऱ्यांदा मी कापूस वेचणाऱ्या बायांपैकी एक काढली. बसकं नाक, कपाळापर्यंत ओढलेला पदर, उन्हाने मिचकावलेले डोळे आणि तोंडभर हसू. रंग आपल्या मातीचा. लीलाताईंनी चित्र खिडकीशी नेऊन पाहिलं. मग म्हणाल्या, "हे आताच आंघोय करून आली असं वाटते." मला त्या दिवशी दोन साबण मोफत मिळाले.

गेल्या वर्षी लग्नसराईच्या आधी अकोल्याचा एक व्यापारी आला. मोठं दुकान, साडीसोबत नवरीला सौंदर्याचा डबा देण्याची योजना. त्याला लीलाताईंचं उटणं फार आवडलं होतं. संत्र्याच्या वाळवलेल्या सालीचा वास, मसुराचं बारीक दळण, सगळ्याची त्याने तारीफ केली. किती डब्या लागतील ते ऐकून लीलाताईंनी दोनदा "हव काय?" म्हटलं. मागच्या खोलीची जागा पुरणार नव्हती, हाताखाली चार बाया घ्याव्या लागल्या असत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी तो आनंद पाहिला आहे.

"फक्त एक करा ताई," व्यापारी म्हणाला. "माल हाच ठेवा. वर लिहा, 'सात दिवसांत गोरेपणा.' कागद तेवढा बदलायचा."

लीलाताई हसल्या. मला वाटलं, मानल्या. मग त्यांनी व्यापाऱ्याकडे नीट पाहिलं. माणूस चांगला सावळा होता.

"शेठ, तुमी सोता लावा ना. सात दिवस नाई, मी तुमाले चार महिने देते. फुकट देते. इथून तिथून थोडेक जरी उजळले, तं मी लिवते."

"ताई, धंदा आहे. सगळेच लिहितात."

"सगळे लिवते म्हनूनच त मी नाई लिवत."

व्यापारी उठला. दारातून म्हणाला, "तुमच्यासारख्या घरी उटणं कुटणाऱ्या छप्पन आहेत."

"मंग सत्तावन्नावी काहून शोधून राहिले?" लीलाताई म्हणाल्या, आणि फाटक त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरातून खलबत्त्याचा आवाज येत होता. कुटायला काही नसतानाही येत होता, असं माझी बायको सुनंदा म्हणते.

दोन महिन्यांनी, दुपारी, फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. दर्यापूरची एक बाई होती. सोबत वीस-बावीस वर्षांची मुलगी, ओढणीने तोंड झाकलेलं. बाई हातातली डबी नाचवत ओरडत होती. "माह्या पोरीचं तोंड जायलं तुमी! परवा पाव्हने येऊन राहिले तिले पाहाले! काय टाकलं याच्यात?" गल्ली गोळा झाली. बारशाची आजीही होती.

मला वाटलं, लीलाताई आता डबी हिसकावतील, भांडतील. त्यांनी डबीकडे पाहिलंच नाही. सरळ मुलीजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "ओढनी काढ, बाई. मले पाहू दे."

मुलीने ओढणी खाली केली. गाल लालभडक, कातडी सोलून निघालेली.

"आग होते?"

मुलीने होकारार्थी मान हलवली.

"खाजवू नको. काही लावू नको. माह्यंही नाई." त्या आईकडे वळल्या. "शिव्या मंग देजो, बाई. मी कुठं पयून नाई चालली. आधी डॉक्टर." आणि ऑटो बोलावून दोघींना कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, डबीतल्या क्रीममध्ये काहीतरी जहाल मिसळलेलं आहे, वेळेत आलात, भरून येईल, पण महिने लागतील.

परत आल्यावर त्यांनी डबी माझ्या हातात दिली. "मास्तर, हे तुमची बाई हाय काय?"

माझीच होती. तेच बसकं नाक, तोच पदर, तेच हसू. फक्त तिला कोणीतरी गुलाबी केलं होतं. खाली लिहिलं होतं 'सात दिवसांत गोरेपणा', आणि नाव 'लीला' ऐवजी 'लीलाई'. त्या नावावरून आणि चित्रावरूनच ती बाई इथवर पोचली होती. आत उटण्याच्या जागी पांढरं चोपडं काहीतरी. मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही, पण त्या क्षणी तो व्यापारी समोर हवा होता.

"उद्या अकोल्याले जाऊ," लीलाताई म्हणाल्या. "तुमी साक्षीदार."

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. दुकानात गर्दी होती. लग्नाची खरेदी, साड्यांचे ढीग, काउंटरवर त्या गुलाबी डब्यांची रास. व्यापाऱ्याने आम्हाला पाहिलं आणि तो नोकराला काहीतरी सांगू लागला. लीलाताई तोवर काउंटरपाशी पोचल्या होत्या. ओरडल्या नाहीत. कॉलेजात पोरांना सूचना द्यायच्या तशा, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलल्या.

"शेठ, हे डबी तुमची ना?"

"ताई, आत या, बसून बोलू."

"उभ्यानंच बोलू. तुमची ना?"

"हो, म्हणजे, आमच्याकडे येते."

लीलाताईंनी झाकण उघडलं आणि डबी त्याच्यापुढे धरली. "लावा."

"काय?"

"तुमच्या हातानं तुमच्या तोंडाले लावा. या बायाईसमोर. मंग मी तुमची माफी मागून जाते."

साडी हातात घेतलेल्या एका बाईने ती खाली ठेवली. व्यापारी हसला, घाम पुसला, डबीकडे पाहिलं. त्याचं बोट काही डबीत गेलं नाही.

"काहून? विकाले चालते, लावाले नाई चालत?" मग त्या वळल्या. "दर्यापूरच्या एका पोरीचं तोंड सोललं हाय यानं. डॉक्टरचा कागद माह्याजवय हाय. ज्याईले पाहाचा हाय त्याईनं पाहा."

बायांनी पाहिला. एकीकडून दुसरीकडे तो कागद संपूर्ण दुकानभर फिरला. आम्ही तिथून थेट औषध प्रशासनाच्या ऑफिसात गेलो आणि लीलाताईंनी तक्रार लिहून दिली. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "बाई, तुम्ही प्रोफेसर होता काय?"

"नाई. प्रोफेसराईच्या नळ्या धुवत होती."

आठवडाभरात डब्या दुकानातून हटल्या, नमुने तपासणीला गेले. चौकशी अजून चालू आहे. मुलीला पाहायला येणारे पाहुणे आले नाहीत. तिचे गाल उन्हाळ्यापर्यंत भरून आले. ती आता पोलीस भरतीची तयारी करते आणि सकाळी मैदानावर धावते. तिची आई लीलाताईंशी अजून जरा तुटकच बोलते. आरडाओरड्याची लाज वाटते तिला.

पण त्या दिवशी अकोल्याहून अमरावतीला परतल्यावर, बसमधून उतरताना, लीलाताईंचा पाय पायरीवरून सरकला. उजवं मनगट मोडलं. दीड महिन्याचं प्लास्टर. मागची खोली बंद. मुलगी पुण्याहून येऊन आठ दिवस राहिली, "चल माझ्यासोबत" म्हणाली. लीलाताई म्हणाल्या, "हात मोडला, घर नाई मोडलं." मुलगी परत गेली.

एका हाताने भाकरी होत नाही, म्हणून डबा आमच्याकडून जाऊ लागला. पण केसांचं आमच्या लक्षात यायला चार दिवस लागले. डोक्याला रुमाल बांधून बसायच्या. सुनंदाने एके सकाळी तो सोडला, तर जटा होत आलेल्या. सुनंदा तेलाची बाटली आणि फणी घेऊन त्यांच्या मागे बसली. मी डबा ठेवायला गेलो होतो, दाराशी थांबलो.

सुरुवातीला लीलाताईंच्या सूचना चालू होत्या. "एवढं तेल नको वं. नखं नको लाऊ. मधून भांग पाड. अशी काय वढते, मी काय बैल हाय?" सुनंदाची फणी चालूच होती. गुंता सोडवून झाल्यावर तिने बोटांनी हळूहळू डोकं चोळायला घेतलं. लीलाताई बोलायच्या थांबल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. त्या घरात मी तो कधी ऐकला नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "मी गावभरच्या तोंडाले हात लावते, सुनंदा. हे गेले, तवापासून माह्या डोक्याले कोनाचा हात नाई लागला. पोरगी भेटाले येते, पन घाईत येते बिचारी."

सुनंदाचे हात थांबले नाहीत. तिने घट्ट, देखणी वेणी घातली, खाली रबर लावलं आणि म्हणाली, "झालं, ताई."

लीलाताईंनी डावा हात मागे नेऊन वेणी चाचपली, वरपासून खालपर्यंत. मग रबर ओढून काढलं आणि बोटांनी पेड मोकळे करून टाकले.

"तिरपी झाली," त्या म्हणाल्या. "पुन्हा घाल."

वेणी सरळ होती. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने फणी उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.