व्याह्यांची दाढ

खमैस एक गोष्ट अगदी छातीठोकपणे सांगायचा. "आयुष्यात मी कधी खोटं बोललो नाही. खऱ्याचे दोन तुकडे करतो, एक समोरच्याला देतो, एक स्वतःजवळ ठेवतो. यात पाप कुठलं?"

ट्यूनिसजवळच्या ग्रोंबालिया गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाची तक्रार नव्हती. पंचाईत झाली ती ओल्फाचं लग्न ठरायला लागलं तेव्हा. ओल्फा ही त्याची एकुलती एक मुलगी. स्थळ होतं नाबुलच्या हाजी बुरावींच्या मुलाचं. मुलगा हातेम, दातांचा डॉक्टर! दोघांचं ट्यूनिसला कॉलेजातच जमलं होतं. आता ते आईबापांनी जमवल्यासारखं दाखवायचं एवढंच बाकी होतं. हाजी म्हणजे संत्र्यांचे बडे व्यापारी, मक्केला जाऊन आलेले, कपाळावर नमाजाचा घट्टा. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "आपण काय करता?"

खमैस गावच्या वाइनच्या कारखान्यात तळघराचा मुख्य होता. पिंपात नाक घातलं की द्राक्षं कुठल्या टेकडीवरची ते सांगायचा. पण तो म्हणाला, "द्राक्षांचं काम आहे."

"बेदाणे?"

"द्राक्षांचं बरंच काही होतं, हाजी."

"खरंय, अल्लाची देणगी," हाजी म्हणाले आणि चहाकडे वळले. खमैसनं आपला तुकडा खिशात घातला.

हातेमला अर्थात सगळं ठाऊक होतं. "बाबांना मी लग्नानंतर सावकाश सांगीन," तो ओल्फाला म्हणाला होता. "आत्ता कळलं तर ते चपला घालून निघतील, आणि त्यांच्यामागे मलाही निघावं लागेल." त्या दिवसापासून ओल्फा बापाच्या तोंडाकडे डोळ्यांत तेल घालून बघत असे.

कुराणातला फातिहा रविवारी दुपारी वाचायचा ठरला. तो एकदा वाचला की सोयरीक पक्की. आणि रविवारी सकाळीच मॅनेजरचा फोन आला. बेल्जियमचं एक जोडपं आपल्या भागातली वाइन बघायला येतंय, मोठं गिऱ्हाईक आहे, पण तळघरात पिंपांना गंधकाची धुरी दिलीय, तिथे नाकाला दुसरा वासच येत नाही. "तेव्हा तू आपल्या घरीच चव दाखव. तासाभराचं तर काम आहे!"

बायको नझीहा बकलावा कापत होती. तिचा सुरी धरलेला हात थांबला. "अहो, पुढच्या खोलीत फातिहा आणि मागच्या अंगणात वाइन?"

"ते येतील अकराला, जातील बाराला. हाजी येणार तिसऱ्या प्रहरी. आणि ते पीत नाहीत गं, चव घेऊन थुंकतात."

"थुंकायचीच तर विकत कशाला घेतात?"

खमैस तोवर टेबल उचलायला गेला होता. त्यानं अंगणात लिंबाखाली टेबल मांडलं, पांढरी, गुलाबी आणि लाल अशा तीन बाटल्या ठेवल्या, आणि थुंकायला एक बादली.

बेल्जियमचे पाहुणे वाटेत दिसेल त्या गाढवाचा फोटो काढत आले. त्यामुळे मागच्या दाराशी त्यांची गाडी थांबली आणि पुढच्या दाराशी हाजींची, तीही एकाच क्षणी!

मग खमैसची जी धावपळ सुरू झाली ती विचारू नका. पुढच्या खोलीत "या, बसा, अरे, उशी द्या हाजींना" म्हणायचं, "सरबत बघतो" म्हणून उठायचं, अंगणात जाऊन बेल्जियमच्या मादाम हिल्डाला मस्कत जातीच्या द्राक्षांची पांढरी ओतून द्यायची, की परत पुढे. एकदा तो सरबताऐवजी रिकामे ग्लास घेऊन आला. एकदा त्यानं मादामच्या नवऱ्याला "मुलगी तुमचीच समजा" असं सांगितलं. तो बिचारा थँक्यू म्हणाला.

नझीहानं दारात गाठलं. "निदान बादली तरी दुसरी घ्यायचीत! ती माझी ऑलिव्ह खारवायची आहे!"

"आत्ता बादलीचं काय घेऊन बसलीस?"

हे बोलणं चालू असतानाच बकलाव्याच्या पाकानं चिकट झालेली बोटं धुवायला हाजी उठले. आणि अंगणातल्या नळाशी येऊन उभे राहिले.

समोर मादाम हिल्डानं लाल वाइनचा घोट घेतला. डोळे मिटले. गालातल्या गालात खळखळवली. मग वाकून बादलीत थुंकली. शेजारी तिच्या नवऱ्यानंही तेच केलं, फक्त थोडं हनुवटीवर.

हाजी बघत राहिले. खमैसही बघत राहिला. त्याला ओल्फाचं लग्न डोळ्यांसमोरून चालत जाताना दिसलं.

"हे काय चाललंय, व्याहीबुवा?"

खऱ्याचे तुकडे करायला वेळ नव्हता. गेले दोन महिने खमैस गावभर "जावई दातांचा डॉक्टर" हे एकच वाक्य मिरवत होता, तेव्हा तोंडात जे तयार होतं तेच बाहेर पडलं.

"दातांचं औषध!" तो म्हणाला. "द्राक्षांपासून. परदेशातून येतात लोक, हिरड्यांसाठी."

तेवढ्यात मादामला लाल वाइनचा तुरटपणा जाणवला. तिनं ओठ वर केला, बोटानं हिरडी चोळून दाखवली आणि नवऱ्याकडे बघून समाधानानं मान हलवली. खमैसला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"गिळायचं नाही?" हाजींनी विचारलं.

"मुळीच नाही! म्हणून तर बादली."

मादाम फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. हाजींचं फ्रेंच संत्र्यांच्या पेट्यांपुरतं, निदान ते तसं सांगत. "काय म्हणतात बाई?"

बाई म्हणाली होती की शेवटी पिकल्या अंजिराची चव येते.

"म्हणतात, आता ठणका कमी आहे."

हाजींनी हळूच गालावर हात ठेवला. "माझी ही मागची दाढ वर्षभर छळतेय. हातेम म्हणतो काढू या. पण पोटच्या पोराच्या हातात पक्कड देऊन तोंड उघडायचं, मन धजत नाही. ओता बघू थोडं."

"हाजी, तुम्हाला... ते परदेशी दातांसाठी..."

"दात तो दात. ओता."

खमैसनं ओतलं. हाजींनी घोट घेतला. नमाजाआधी दिवसातून पाच वेळा चूळ भरणारा माणूस तो! या गालातून त्या गालात असा काही फिरवला आणि बादलीच्या बरोब्बर मध्ये असा सोडला, की बाहेर एक थेंब नाही. मादाम हिल्डा उभीच राहिली. या गृहस्थांचा अनुभव किती, असं तिनं अत्यंत आदरानं विचारलं.

"सफाई आवडली त्यांना," खमैस कसाबसा म्हणाला.

"आता ते गुलाबी द्या," हाजी म्हणाले.

गुलाबी झाली, पांढरी झाली, मग "तुलना करायला" पुन्हा लाल झाली. हाजींच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. आणि मग त्यांनी हाक मारली, "हातेम! इकडे ये! सात वर्षं दातांचं शिकलास आणि बापाला हे औषध सांगितलं नाहीस?"

आत्ता कुठे खमैसच्या लक्षात आलं की दातांच्या औषधाची थाप त्यानं दातांच्या डॉक्टरच्या बापाला मारली होती.

हातेम आला, मागोमाग ओल्फा. हातेमनं बाटल्या बघितल्या, बादली बघितली, बापाचे लालसर दात बघितले. ओल्फाचा चेहरा पांढराफटक. तिनं हात जोडले नाहीत एवढंच. हातेमनं शांतपणे ग्लास उचलला, उजेडात धरला, वास घेतला.

"बाबा, हे अजून ट्यूनिसला आलेलं नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "पण गुण चांगला आहे. दाढांना लाल, सुळ्यांना पांढरं. फक्त डॉक्टरच्या देखरेखीखाली."

ओल्फानं डोळे मिटून श्वास सोडला. खमैसला जावयाला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली. असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही!

हाजींनी पुढच्या खोलीत जाऊन भर मंडळींत जाहीर केलं, "आमचे व्याही दातांचं औषध बनवतात, आणि आम्हाला कोणी बोललं नाही!"

खोलीत खमैसची अख्खी गल्ली बसली होती. कोणी हसलं नाही. शेजारी म्हणाला, "फार गुणकारी, हाजी. आमच्या गल्लीत तर कितीतरी लोक त्यानं रात्री शांत झोपतात."

मग सगळ्यांनी तळवे उघडले आणि फातिहा वाचला गेला. बायकांनी आनंदाचा गजर केला, ओल्फा रडली, नझीहा रडली. खमैसही रडला, पण त्याचं कारण वेगळं होतं. सोयरीक पक्की झाली आणि त्याच क्षणी त्याचं मन त्याला खाऊ लागलं. लेकीचा संसार एका बादलीवर उभा राहणार होता. आज ना उद्या हाजींना कळणारच!

निघताना हाजींनी त्याला बाजूला घेतलं आणि गाडीची डिकी उघडली. "दोन बाटल्या ठेवा. लाल. वर्तमानपत्रात गुंडाळून."

खमैसनं बाटल्या ठेवल्या. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सगळं खरं, एकही तुकडा मागे न ठेवता, सांगायचं ठरवलं.

"हाजी, माफ करा. ते जे औषध आहे ना, ते खरं म्हणजे..."

"गप्प बसा हो, व्याहीबुवा," हाजींनी डिकी हलकेच लावली आणि मागे वळून पाहिलं, कोणी ऐकत नाही ना. "दाढदुखी आमच्या घराण्यातच आहे. माझ्या वडिलांच्या तोंडात तर शेवटी एकही दात उरला नव्हता, तरी रोज संध्याकाळी दाढ दुखायची."