पावणेपाच तासांत कोपनहेगन

मावशीला कोपनहेगन दाखवायला पावणेपाच तास पुरेत, हे स्ट्रातिसने गणित करून काढलं होतं. मावशीचा चालण्याचा वेग, पांतेलिसकाकांचं दर चाळीस मिनिटांनी बाकावर टेकणं, दोनदा वाट चुकण्याची सोय, सगळं धरून. हा प्रयोगशाळेत पाण्यातले जिवाणू मोजणारा माणूस. नातेवाइकांचं काय मोठंसं, असं त्याला वाटलं होतं.

खरी परीक्षा चार वाजता होती. कॅफेत त्याची होणारी बायको सिग्ने आणि तिचे वडील प्रेबेन भेटणार होते. लग्न जूनमध्ये. आई गेल्यावर ग्रीसमध्ये, वोलोसला, एव्हान्थिया मावशीनेच त्याला वाढवलं होतं. तिला ही माणसं पटली नाहीत, तर ती लग्नाला येईल, पण काळे कपडे घालून येईल, एवढं तो तिला ओळखून होता.

फेरी बरी चालली होती. बंदर पाहून मावशी म्हणाली, "समुद्र आपल्या वोलोसलाही आहे." राजवाडा पाहून म्हणाली, "एवढे पडदे धुतं कोण?" काकांना इथले बाक आवडले.

चारला दहा मिनिटं असताना ते कॅफेच्या दाराशी पोचले आणि मावशी खिळल्यासारखी थांबली. बाहेर भिंतीला लागून एक बाबागाडी उभी होती. आत तान्हं बाळ गाढ झोपलेलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

"स्ट्राती, कुणीतरी मूल टाकून गेलंय."

"नाही गं मावशी. इथे बाळांना बाहेरच झोपवतात. मोकळ्या हवेत झोप चांगली लागते."

"थंडी किती आहे?"

"चार अंश."

"चार अंशात मी मासळीसुद्धा बाहेर ठेवत नाही. मी इथून हलणार नाही. जा, याचं कोण आहे ते शोध."

स्ट्रातिस आत गेला. कोपऱ्यातल्या टेबलावर सिग्ने आणि प्रेबेन बसले होते. प्रेबेन म्हणजे सहा फूट चार इंच उंचीची शांतता. निवृत्त पूल-अभियंता.

"पाहुणे कुठायत?" त्यांनी विचारलं.

"बाहेर आहेत. मावशी जरा एका बाबागाडीपाशी..."

"निळी? ती आमचीच," सिग्ने म्हणाली. "ताईचा आक्सेल. शनिवारी तो बाबांकडे असतो."

स्ट्रातिस खुर्चीत बसलाच. तेवढ्यात टेबलावरचं एक छोटं यंत्र खरखरलं. बाळ रडलं की आत कळावं म्हणून त्याच्या जोडीचं दुसरं यंत्र गाडीत ठेवलेलं होतं. बाळ रडत नव्हतं. मावशी बोलत होती, खणखणीत ग्रीकमध्ये.

"मांजरसुद्धा आपलं पिल्लू तोंडात धरून आत नेते. ही कसली माणसं?"

"काय म्हणतायत त्या?" प्रेबेननी विचारलं.

"तिला मांजरं आवडतात," स्ट्रातिस म्हणाला.

"आत बसून केक खात असतील मेले. पांतेलिस, तुझा मफलर काढ."

"केक खायचाय म्हणते."

सिग्ने दोन वर्षं ग्रीक शिकत होती. मावशीला चकित करायचं म्हणून हे गुपित होतं. ती कपात तोंड घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"किती गोड आहे रे हा," यंत्रातून आलं आणि पाठोपाठ, "थू, थू, थू."

प्रेबेन उठले.

तिघं बाहेर आले, तर बाबागाडी नव्हती. ती वळणापलीकडे, उन्हाच्या भिंतीला सापडली, पण रिकामी. शेजारच्या पायरीवर मावशी, तिच्या मांडीवर मावशीचाच कोट, कोटावर मफलर, मफलरवर काकांची टोपी आणि या सगळ्याच्या मध्ये आक्सेलचं लालबुंद नाक. तो टक्क जागा होता आणि मावशीचं कानातलं ओढत होता.

"हा उंच म्हातारा कोण?" मावशीने विचारलं.

"मावशी, हेच सिग्नेचे वडील. आणि तुझ्या मांडीवर त्यांचा नातू."

प्रेबेननी घड्याळ पाहिलं. "हा दोन तास झोपतो. चाळीस मिनिटंच झाली होती."

"काय म्हणतात?"

"तू फार माया केलीस म्हणतात."

"तोंडावरून वाटत नाही."

तेव्हा सिग्ने पुढे आली आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत ग्रीकमध्ये म्हणाली, "मावशी, तो खोटं सांगतोय. तुम्ही बाळाला उठवलंत म्हणून बाबा रागावलेत. आणि आम्ही खरंच केक खात होतो."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग स्ट्रातिसकडे.

"हिला आपली भाषा येते? आणि तू मला दिवसभर पूल दाखवत फिरवलंस?"

सिग्नेने वडिलांना सारं समजावलं. मांजरापासून ते दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकण्यापर्यंत.

"म्हणजे हे कौतुक आहे," प्रेबेन म्हणाले. "पण तीनच वेळा का?"

सिग्नेने विचारून सांगितलं, "दोनदा थुंकून भागत नाही म्हणतात."

प्रेबेननी मान हलवली. अभियंत्याला ते पटलं असावं. त्यांनी आपला कोट काढून कुडकुडणाऱ्या मावशीच्या खांद्यावर टाकला. मावशीने तो नाकाशी नेऊन हुंगला आणि सिग्नेला म्हणाली, "बायको नाही ना यांना? तरीच. जूनच्या आधी धुऊन देईन म्हणावं."

म्हणजे ती येणार होती, आणि काळ्या कपड्यांचा विषय निघाला नव्हता. स्ट्रातिसच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून तो सगळ्यांसाठी कॉफी आणायला आत गेला.

पाच कप घेऊन बाहेर आला, तर पायरी रिकामी, बाबागाडी गायब. फोनवर सिग्नेचा निरोप होता : 'आक्सेलला झोपवायला निघालोय. बाबा मावशीला शहर दाखवतायत. ती खूश आहे. तू ये सावकाश.'

स्ट्रातिस पायरीवर बसला आणि पाचही कप, जो आधी गार होईल तो आधी, या क्रमाने संपवू लागला.