आतलं सगळं बाहेरच्या पडद्यावर

“सिस्टिम बदलायची म्हणजे काय, दातावर नवी कॅप बसवण्याइतकं सोपं!” दाताच्या डॉक्टरांनी सकाळी बायकोला छाती फुगवून सांगितलं. जुना कॉम्प्युटर त्यांनी निकालात काढला होता. नवा अगदी वेगळ्याच सिस्टिमचा होता, चकाचक! तो दवाखान्यात आपला आपणच जोडायचा, कॉम्प्युटरमधल्या जाणकार मेहुण्याला हात लावू द्यायचा नाही, हेही ठरलं होतं. कारण आज सासूबाई येणार होत्या! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईंनी जावयासमोर कधी जांभईसुद्धा दिली नव्हती. दात दुखला की त्या गुपचूप दुसऱ्या डॉक्टरकडे जात. आता दाढेने त्यांना जेरीस आणलं होतं आणि दुसरे डॉक्टर नेमके सुट्टीवर होते. अशी संधी पुन्हा थोडीच येणार!

डॉक्टरांनी सगळ्या वायरी नव्या कॉम्प्युटरला खोचल्या. त्यातली एक बाहेर, पेशंट बसतात तिथल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जात होती. जुना कॉम्प्युटर तिथे फक्त दात घासायची फिल्म दाखवायचा. नव्याला असला भेदभाव मान्य नव्हता. जे आत, तेच बाहेर! डॉक्टरांना याचा पत्ताच नव्हता.

ते आपले घाम पुसत होते. नेहमीची बटणं सापडेनात. पान वर न्यावं तर ते खाली पळे. बाहेर येऊन बसलेल्या सासूबाईंचा नुकताच काढलेला एक्स-रे कसाबसा उघडला, तर आडवा. सरळ करायला गेले, तर उलटाच झाला! तोंडात डोकावून बघावं, हे सुचायला डोकं ठिकाणावर लागतं. डॉक्टरांनी इंटरनेटला विचारलं, ‘डावी दाढ उजवीकडे दिसते. खरी कुठली समजावी?’

बाहेर एका गृहस्थांनी ते मोठ्याने वाचलं आणि दोन्ही गाल झाकून घेतले.

शेवटी नाक मुठीत धरून डॉक्टरांनी त्याच कॉम्प्युटरवरून मेहुण्याला मेसेज केला. ‘कुठली दाढ काढायची, काही कळत नाहीये. तुझ्या आई बाहेर बसल्यात. त्यांना काही सांगू नकोस!’

‘घाबरू नका, भावजी!’ मेहुण्याचं उत्तर पडद्यावर हातभर अक्षरांत झळकलं. ‘आईला आधी भूल द्या. मग निवांत शोधत बसा!’

‘आणि नाहीच सापडली तर?’

‘काढा अंदाजाने! तिला काय कळतंय!’

काउंटरवरच्या ताई धापा टाकत आत आल्या. “डॉक्टर, बाहेरचा पडदा बंद करा आधी!”

“का? फिल्म दिसत नाही?”

“दिसतेय ना, तुमचीच! सगळे पेशंट पळाले. दुखायचं थांबलं म्हणाले!”

“सगळ्यांचं?”

“एकही दात नसलेले आजोबा तर सगळ्यांत पुढे होते!”

डॉक्टर बाहेर धावले. खुर्च्या रिकाम्या. कोणाची तरी एक चप्पल दारात राहिली होती. आणि कोपऱ्यात, पर्स मांडीवर घट्ट धरून, सासूबाई! डॉक्टर भारावून पुढे झाले.

“आई, एवढं वाचूनही तुम्ही थांबलात! माझ्यावर एवढा विश्वास!”

“विश्वास कसला डोंबलाचा, जावईबापू!” सासूबाई गाल धरून म्हणाल्या. “पाय लटपटायला लागले, उठताच येईना!”

“मग... दाढ?”

“काढू की! पण आधी माझ्या त्या दिवट्याला बोलवा आणि खुर्चीत बसवा. त्याची काढा, अंदाजाने. नीट निघाली, तर मग माझी बघू!”