टाकीने तारेशी जुळवून घ्यावे

बिघाड दोन प्रकारचे असतात: नुसता झालेला आणि नोंद झालेला. नुसता झालेला बिघाड कोणीही दुरुस्त करू शकतो. नोंद झालेल्या बिघाडाला मात्र क्रमांक मिळतो, फाईल मिळते, फाईलला नाडी मिळते, आणि एवढा मानमरातब मिळाल्यावर कोणताही बिघाड सहजासहजी जायला तयार होत नाही. नाशिकच्या गोदातट हौशी विमान मंडळाचा एकमेव मेकॅनिक जयराम याला हे ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षं तो विमान दुरुस्त करत होता, त्यामुळे कागदाचा अभ्यास करायला त्याला सवड मिळाली नव्हती.

मंडळ गंगापूर रोडच्या पुढे, बंगले संपून द्राक्षबागा लागतात तिथल्या माळावर. २००२ सालच्या अहवालानुसार मंडळाचे सभासद त्रेसष्ट. पैकी विमानात बसलेले नऊ, विमान चालवता येणारे एक (अध्यक्ष किशोरराव), आणि विमानाला हात लावायची मुभा असलेला एकही नाही. नियम चारप्रमाणे सभासदांनी विमानाला हात लावायचा नाही. नमस्कार करता येतो. हात लावायला जयराम, आणि तो पगारी. उपसमित्या सात. विमान एक.

विमान १९४७ सालचं, पिवळं, दोन माणसांचं. त्याचा पेट्रोलचा काटा म्हणजे काटा नव्हेच. टाकी विमानाच्या नाकाडात, वैमानिकाच्या काचेसमोर. टाकीच्या झाकणाला भोक, भोकातून वर आलेली हातभर तार, आणि तारेच्या खालच्या टोकाला पेट्रोलवर तरंगणारं बूच. पेट्रोल कमी झालं की बूच खाली जातं, त्याच्याबरोबर तार खाली जाते. तार दिसेनाशी झाली की वैमानिकाने एखादं मोकळं शेत शोधायचं. पंचावन्न वर्षांत ही तार कधी खोटं बोलली नव्हती. सात उपसमित्यांबद्दल असं म्हणता येत नाही.

दसऱ्याला मंडळात विमानाची पूजा होते. नारळ, हळदकुंकू, आणि अध्यक्षांच्या पत्नी मोहिनीताई यांच्या हस्ते हार. विमानाला हार घालणं वाटतं तितकं सोपं नाही. पंखा फार रुंद, शेपूट फार मागे, आणि फोटोग्राफर पुढे. मोहिनीताईंनी इकडेतिकडे पाहिलं, समोर एक छानशी तार उभी दिसली, आणि त्यांनी सव्वा किलोचा झेंडूचा हार तिच्यावर चढवला. टाळ्या वाजल्या. तार झाकणापाशी वाकली आणि अर्ध्यावर अडकून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयरामने पक्कड घेतली आणि चार मिनिटांत तार सरळ केली. टाकीत पेट्रोल कमीजास्त करून पाहिलं. तार खालीवर झाली. मग त्याने हात पुसले आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे वहीत लिहिलं, "तार वाकली होती. सरळ केली." इथे त्याची चूक झाली.

ती वही चिटणीस शेखर यांनी वाचली. शेखर हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अत्यंत सचोटीचे गृहस्थ. आयुष्यात त्यांनी एकही चुकीची सही केली नव्हती, आणि त्यासाठी शक्यतो सहीच केली नव्हती. बिघाडाची नोंद आहे, दुरुस्तीला मंजुरी नाही, आणि दुरुस्ती मात्र झालेली आहे, हे पाहून त्यांचा चहा जागच्या जागी गार झाला. त्यांनी लेखी आदेश काढला: मंजुरी मिळेपर्यंत बिघाड पूर्ववत करण्यात यावा.

"साहेब, पन ती आता नीट चालती," जयराम म्हणाला.

"तेच तर," शेखर म्हणाले. "मंजूर न झालेली दुरुस्ती चालते कशी, हे मी वर काय सांगू?"

जयरामने तार पुन्हा वाकवली. सरळ करायला चार मिनिटं लागली होती. वाकवायला पाऊण तास लागला, कारण वाईट काम करायची त्याच्या हातांना सवय नव्हती. त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

मंजुरीचा अर्ज एकपानी होता आणि त्यात एकच रकाना अवघड होता: बिघाडाचे कारण. जयरामने लिहिलं, "हाराचे वजन." अर्ज परत आला. अध्यक्षांच्या पत्नीने घातलेल्या हाराला वजन होतं, असा उल्लेख मंडळाच्या दफ्तरी राहणं बरं दिसणार नाही, असं सर्वांचं मत पडलं. (मोहिनीताईंना कोणी विचारलं नाही. प्रश्न त्यांच्या भावनांचा होता, त्यात त्यांना कशाला ओढायचं?) मग तांत्रिक उपसमितीच्या तीन बैठका झाल्या आणि इतर कारणांचा विचार झाला. वारा म्हणावं, तर त्या दिवशी वारा असल्याचा दाखला लागणार, आणि पूजा तर बंद शेडमध्ये झालेली. झीज म्हणावं, तर झिजलेली तार बदलावी लागते, आणि ती मूळ कारखान्याचीच हवी. तो कारखाना चाळीस वर्षांपूर्वी बंद पडला. अज्ञात इसमाचं कृत्य म्हणावं, तर पंचनामा आला, आणि पंच व्हायला लायक असे त्रेसष्टही सभासद त्या वेळी टाळ्या वाजवत होते. उंदीर हे कारण जवळजवळ मंजूर झालं होतं. पण तार वाकवायला उंदीर केवढा लागेल, असं एकाने विचारलं, आणि बैठक बरखास्त झाली. (असा एक माणूस प्रत्येक मंडळात असतो. त्याला पुढच्या बैठकीची सूचना मिळत नाही.)

अशा वेळी शेखर यांना तोडगा सुचला. तार अर्धी टाकी दाखवते. टाकीत पेट्रोल बरोबर अर्धं ठेवलं, तर तारेला खोटं कोण म्हणेल? परिपत्रक निघालं: टाकीने तारेशी जुळवून घ्यावे. रोज सकाळी जयरामने टाकीत लाकडी पट्टी बुडवून मोजायचं, उडून गेलेलं पेट्रोल भरून काढायचं आणि टाकी अर्ध्यावर आणायची. जानेवारीत सरकारी निरीक्षक आले. त्यांनी पट्टी बुडवली, तारेकडे पाहिलं आणि शेरा मारला: अचूकता शंभर टक्के. चांगल्या चालणाऱ्या काट्यांतही थोडाफार फरक असतोच, इतकं तंतोतंत त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं, असं जाताना ते म्हणाले.

अडचण एकच उरली. विमान उडालं की पेट्रोल कमी होतं. सबब विमान उडवू नये, असं पोटकलम जोडण्यात आलं. नंतर इंजिनही सुरू करू नये, असं दुसरं. त्या हिवाळ्यात मंडळाचे अपघात शून्य, आवाजाच्या तक्रारी शून्य, इंधनाची बचत ब्याण्णव टक्के, आणि उड्डाणसुरक्षेतील कामगिरीबद्दल शेखर यांना शाल आणि श्रीफळ.

जयरामचा जीव मात्र टांगणीला लागला होता. एवढ्या जुन्या विमानाचा उडण्यायोग्य असल्याचा दाखला टिकवायचा, तर दर सहामाहीत ते निदान एक तास उडावं लागतं. ही सहामाही ३१ मार्चला संपत होती. एकदा दाखला गेला की तो परत मिळत नाही, आणि पुढे काय होणार हेही ठरलेलं होतं. चौक सुशोभीकरणवाल्यांचं पत्र येऊन पडलं होतं: विमान मोकळं असल्यास चौथऱ्यावर बसवू, इंजिन काढून आत दिवे लावू. सत्तावीस वर्षं जयराम स्वतःच्या हाताने पंखा फिरवून ते इंजिन सुरू करत आला होता. त्याच्या जागी दिवे लागतील, या विचाराने त्याला घास गोड लागेना.

त्याने किशोररावांना त्यांच्या गाडीपाशी गाठलं. उडायचं किशोररावांनाही होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण घरात हा विषय कोणत्या तोंडाने काढायचा, असं पुटपुटून ते गाडीत बसले आणि गेले.

"त्यान्ला कारन पायजे," जयराम घरी बायकोला, पुतळाबाईला, म्हणाला. "आन् कारन म्हंजी मानूस पायजे."

"मंग तुमचं नाव लिवा," पुतळाबाई म्हणाली. "तुमच्या नावानं कोनाला वाईट वाटायचं नाय."

ती रागाने बोलली होती. जयरामला ते पटलं.

वीस मार्चला त्याने नवा अर्ज भरला. कारण: मेकॅनिकचा हलगर्जीपणा. खाली सही. चाळीस मिनिटांत अर्ज मंजूर झाला. मंडळाच्या इतिहासात एवढा वेगवान अर्ज दुसरा नाही. शेखर यांनी तर कोणी न सांगता सही केली. त्याच पेनाने त्यांनी दुसराही कागद लिहिला: हलगर्जी मेकॅनिकने विमानापासून पन्नास फूट दूर राहावे.

दुरुस्ती मंजूर झाली आणि दुरुस्त करणारा माणूस संपला. मोहिनीताईंना हे कळलं तेव्हा त्या तडक शेडवर आल्या.

"हार मी घातला होता," त्या म्हणाल्या. "मला विचारलं का नाही कोणी? माझं नाव लिहा."

शेखर यांनी त्यांना आदरपूर्वक समजावलं की रकाना भरला आहे, आणि एका वाकण्याला दोन कारणं देता येत नाहीत. मोहिनीताईंनी पक्कड मागितली. त्या मानद सभासद असल्यामुळे त्यांना नियम चार दाखवण्यात आला. त्या जयरामजवळ आल्या आणि हात जोडून निघून गेल्या.

तेवीस मार्चला मंडळाने जाहीर सूचना दिली. गावातल्या वर्तमानपत्रांत आली, चौकाचौकांत फळ्यांवर लागली: "विमानाची तार सरळ करण्यासाठी कोणाही नागरिकाने पक्कड घेऊन यावे. काम चार मिनिटांचे. शिक्षणाची अट नाही. चहा मिळेल." जयरामने विमानापासून पन्नास फूट मोजून चुन्याची रेघ मारली, रेघेपलीकडे स्टूल ठेवलं आणि त्यावर बसला. जो कोणी येईल त्याला तिथूनच सांगायचं होतं, तार कुठे धरायची, किती जोर लावायचा, कधी सोडायची. शेजारी किशोरराव चामडी टोपी घालून येरझाऱ्या घालत. सूचना नऊ दिवस लागलेली होती.

दहा लाखांचं शहर. पाच माणसांमागे एक पक्कड धरली तरी पकडी दोन लाख होतात. सूचना वाचल्याचं पुढे हजारो लोकांनी सांगितलं. वाचून वाईट वाटल्याचंही सांगितलं. कोणीतरी जाईलच, एवढं साधं काम आहे, असं त्या सगळ्यांना अगदी मनापासून वाटलं होतं. ३१ मार्चला दिवस मावळल्यावर जयरामने स्टूल शेडमध्ये नेऊन ठेवलं आणि तो रडला, हे किशोररावांनी पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही.

विमान आता चौकात आहे. दिवे छान लागतात. तुम्ही मुलाला खांद्यावर घेऊन त्याच्यासमोर फोटो काढून घेतला आहे, आणि या मंडळींना साधी एक तार सरळ करता आली नाही, हे ऐकून आत्ता बराच वेळ हसलाही आहात. मंडळाच्या दफ्तरी कारणाच्या रकान्यात अजून एकट्या जयरामचंच नाव आहे. पक्कड त्या नऊ दिवसांत तुमच्या घरातच होती.