नाना आणि टंगस्टनचं जहाज

नाना सोनवणे मेथीची जुडी विकत घेण्याआधी ती झटकत. एकदा नाही, चांगली चार-पाचदा, धोब्यानं धोतर झटकावं तशी. शेजारी उभ्या असलेल्या बायकांच्या साड्या भिजत. "ओलावा वजा!" नाना गरजत. "मी भाजीचे पैसे देतो, पाण्याचे नाही!"

हरसूलकडून येणारी ठकूबाई भाजीवाली त्यांना पुरून उरे. "झटका, नाना, लय झटका. पानं गळली तर ती बी तुमचीच."

नानांचा तरी काय दोष? एका सरकारी कारखान्यात ते खरेदी अधिकारी होते. तोफगोळ्यांना लागणाऱ्या टंगस्टनचं खनिज ते परदेशातून मागवत. विकणारे बिलंदर. ओला माल वजनात घालायचे, चांगले दगड ढिगावर रचायचे. म्हणून नमुना ढिगाच्या तळातून काढायचा, हा नानांचा धर्मच झाला होता. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला जाताना शेजारी म्हणून नानांनाही नेलं, तर यांनी स्वयंपाकघरातून पोह्यांचं पातेलं मागवलं आणि तळाचे पोहे काढून चाखले. "वर खोबरं काय, सगळेच पेरतात!" मी मान खाली घातली. पण मुलीच्या आजीला हा माणूस फार आवडला आणि लग्न जमलं.

पुढे कारगिलची लढाई सुरू झाली आणि नाना पार बिथरले. त्यांचा एकुलता एक मुलगा शिरीष तोफखान्यात होता, तिथंच वर डोंगरात. आम्ही विचारावं, "शिरीषची काही खबर?" नाना सांगत, "जहाज अजून हललं नाही." लढाई लागलेली बघून तिकडच्या विक्रेत्यानं भाव चढवला होता आणि माल अडवून धरला होता. रोज पहाटे नाना घरच्या फोनवरून त्याच्याशी भांडत. "नो, नो! मॉइश्चर मायनस!" या आरोळीनं इंदिरानगरातली आमची अख्खी गल्ली उठे. आमच्या हिनं गजराचं घड्याळ कपाटात ठेवून दिलं.

एके दिवशी नाना बनियनवरच रस्त्यावर आले. "हललं! जहाज हललं!" आणि घरोघर पेढे. ठकूबाईला दोन.

मलाही चेव आला. म्हटलं, "नाना, हे दगड इथं पोचणार कधी, त्यांचा धातू होणार कधी, गोळे बनणार कधी? तोवर लढाई संपेल की हो!"

मला वाटलं, आता अंगावर येतात. ते पेढ्यांच्या पुड्याला दोरा बांधत बसले. गाठ काही बसेना.

"जन्म गेला यात, मास्तर. मला ठाऊक नाही होय?" मग हळूच म्हणाले, "त्याची आई देव पाण्यात घालून बसलीय. मला तेही येत नाही. मला फक्त माल मागवता येतो."

मी त्यांच्या हातातून पुडा घेतला आणि गाठ मारून दिली. शिरीष घरी येईपर्यंत मी नानांची चेष्टा केली नाही.