किफायतजंगांनी रविवारी क्रीम आणिले त्याची हकीकत

हे वर्तमान ऐकोन कोणी विश्वास ठेवणार नाही, न ठेवो. आम्ही डोळां देखिले, दुकानाबाहेर उभे राहोन देखिले, आत पाऊल टाकिले नाही, ऐसे गावच्या चर्चच्या घंटेची आण घेऊन सांगतो. घंटेस तडा आहे, परंतु तो आमच्या आणेने गेला नाही. बियरखान्याची मालकीण इर्मट्राउट ग्लास पुसत ऐकते आहे, तिने साक्षी असावे.

वेस्टफालिया प्रांती ग्रेवेनलो कसबियात हेर, म्हणजे श्रीयुत, एगिलबेर्ट क्नॉस्पे, किफायतजंग बहादूर, मोठ्या किराणा दुकानांचे धनी, नांदत होते. रविवारीही दुकान उघडण्याची परवानगी व्हावी म्हणोन त्यांनी हयातभर सरकारदरबारी अर्ज गुदरिले आणि ते हयातभर नामंजूर जाहले. मग पोट सुटले, आणि पोट सुटल्यावरी धर्म आठवतो तैसा आठवला, आणि पुराणमतवादी पक्षात दाखल होऊन नगराध्यक्षाच्या गादीस उभे राहिले, आणि खांबोखांबी आपले मुखकमल टांगोन खाली लिहविले की, रविवार देवाचा.

ऐसियास मतदानापूर्वीचा रविवार आला. फादर हिल्डेब्रांड यांची स्वारी दुपारी कॉफीस येणार. फादर ज्याच्या घरचा केक वाखाणतील त्यास गावच्या समस्त म्हाताऱ्या मत देतील, हा दस्तूर. सबब गादी त्या केकावरी टांगली होती. आणि ऐन समयी क्रीम नासले.

"एगिलबेर्ट, क्रीम आंबलंय," फ्राऊ नोटबुर्गा, त्यांचे कुटुंब, म्हणाली. "तुझ्याच दुकानातलं. शिळं म्हणून फुकट उचलून आणलंस ना!"

"मग क्रीमशिवाय वाढ."

"आलुबुखारचा केक, क्रीमशिवाय? फादरना? त्यापेक्षा सरळ सांग की त्यांना, समोरच्या पक्षाला मत द्या म्हणून!"

तेव्हा मसलत ठरोन किफायतजंगांनी टोपी नाकापर्यंत ओढोन कूच केले, आणि आपल्याच दुकानात मागील दाराने चोरासारिखे शिरले, आणि दिवा लाविला. दिवा लागताच पुढील काचेचा आपोआप उघडणारा दरवाजा इमानी चाकरासारिखा सताड उघडला. ग्रेवेनलोची रयत ऐसी की, रविवारचे फिरावयास निघाली असता दरवाजा उघडा देखिला, तर का उघडा हे न पुसता ढकलगाड्या घेऊन शिरावे, आणि रांग लावावी, आणि रांग हलत नाही म्हणोन कुरकुर करावी. मग कोणी एका निर्लज्जाने आरोळी दिली, "अहो, दुसरा गल्ला उघडा की!" पहिलाही उघडा नव्हता. परंतु ती आरोळी म्हणजे दुकानदारास रणशिंग, किफायतजंग क्रीमचे डबे बगलेत मारोन गल्ल्यावर आरूढ जाहले, आणि देव, पक्ष, खांबावरील मुखकमल समस्त विसरोन गर्जू लागले, "केळी घ्या, केळी! उद्या काळी पडतील!"

इतक्यात कॉफीस निघालेले फादर दारात उभे.

"क्नॉस्पे, हे काय चाललंय?"

किफायतजंगांचा रंग उडाला. मग जीभ, जी आयुष्यभर शिळे ताजे म्हणोन विकीत आली, तीच मदतीस धावली. "घंटेसाठी, फादर! तडा गेलाय ना! आजचा सगळा गल्ला घंटेला!"

फादरांनी मनोऱ्याकडे पाहिले, रांगेकडे पाहिले. मग हळूच पुसते जाहले, "मोहरीची चटणी कुठं ठेवता?"

येणेप्रमाणे क्रीम हस्तगत जाहले, केक वाखाणिला गेला, म्हाताऱ्या वळल्या, गादी फत्ते जाहली. घंटेचा तडा कायम आहे. गादीवर बसताच किफायतजंगांचा पहिला हुकूम सुटला की, कोपऱ्यावरील बेकरीवालीने रविवारी बेकऱ्यांस सकाळची जी थोडकी मुभा, ती वेळ संपल्यावरी पाव विकिले, सबब दंड करावा, कारण रविवार देवाचा. हे सत्य, यात तिळमात्र भेसळ नाही. आम्ही बाहेर उभे राहोन...

"बाहेर?" इर्मट्राउटने ग्लास आपटला. "ओट्टोकर, दुसरा गल्ला उघडा म्हणून बोंबलला तो निर्लज्ज तूच! मी तुझ्या मागेच उभी होते. आणि तुझ्या गाडीत खोकंभर बियर होती. का रे, माझ्याकडची महाग पडते काय?"